घारापुरीची तहान आणि आमचे गणित

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आमच्या धर्मग्रामातील एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हाला अडविले. घारापुरी बेटावर समुद्राखालून पाण्याची वाहिनी न्यावी, असे आम्ही प्रवचनात बोलून गेलो होतो. "फादर, हजार-बाराशे माणसांसाठी कोट्यवधी रुपये? आणि खाऱ्या पाण्यात ती वाहिनी टिकणार किती? पुन्हा बदला, पुन्हा कोटी!" गृहस्थ मनाचे वाईट नाहीत. नेरुळमध्ये पाचव्या मजल्यावर त्यांच्या घरी नळ सोडला की खालापूरकडच्या मोरबे धरणाचे पाणी येते. त्या धरणासाठी कोणाची शेते बुडाली, हे त्यांनी कधी विचारले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नव्हते.

त्यांनी गणिताचा विषय काढलाच आहे, तर गणितच मांडू. मोरबे योजनेची क्षमता दिवसाला 45 कोटी लिटर. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण माणसाला दिवसाला किमान 55 लिटर पाणी ठरविले. बाराशे माणसांचा हिशेब होतो 66 हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर सात टँकरसुद्धा पुरते भरत नाहीत. आमच्या वसाहतींच्या गच्चीवरील टाक्या भरून वाहतात, तेव्हा याहून अधिक पाणी गटारात जात असेल, अशी आम्हाला शंका आहे.

घारापुरीकर मात्र बेटावर साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर उन्हाळा ओढत आले आहेत. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तिन्ही गावे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली; त्यातले एक ओंजळभरही पिता येत नाही. 1987 पासून तेथील लेणी जागतिक वारसा झाली. पर्यटक विकतच्या पाण्याची बाटली घेऊन बोटीतून उतरतात, त्रिमूर्तीपुढे छायाचित्र काढतात आणि रिकामी बाटली बेटाला भेट देऊन परततात.

समुद्र आडवा येतो, असे म्हणावे तर तोही बहाणा आता शिळा झाला. फेब्रुवारी 2018 मध्ये साडेसात किलोमीटरची वीजवाहिनी समुद्राच्या तळातून बेटावर पोहोचली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे उलटल्यानंतर का होईना, दिवे लागले. जानेवारी 2024 मध्ये तर याच समुद्रावरून जवळजवळ बावीस किलोमीटरचा अटल सेतू उभा राहिला. मोटारींना समुद्र आडवा आला नाही, विजेला आला नाही. तो फक्त पाण्यालाच आडवा यावा?

राहिला वाहिनी टिकण्याचा प्रश्न. तो रास्त आहे आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. खाऱ्या चिखलात लोखंडी पाईप गंजतो. त्यातच पाणी दिवसाकाठी तास-दोन तास सोडून बंद केले, तर रिकाम्या वाहिनीतला दाब उतरतो आणि बाहेरचे खारे, घाण पाणी बारीक छिद्रांतून आत शिरते. म्हणून आता उच्च घनतेच्या पॉलिथिनचे पाईप वापरतात. त्यांचे सांधे उष्णतेने एकजीव करतात, वर सिमेंटची वजने बांधून ते समुद्रतळाच्या चरात पुरतात. अशा पाईपांचे आयुष्य साधारण पन्नास वर्षांचे धरले जाते. परंतु शेजारीच जवाहरलाल नेहरू बंदर आहे, जहाजांची ये-जा आहे. एखाद्या नांगराने पन्नास वर्षांचा हिशेब एका क्षणात मोडू शकतो.

दूर आइसलंडजवळ वेस्टमन नावाची बेटे आहेत. तेथील चार हजारांवर लोक मुख्यतः मासेमारीवर जगतात. एके काळी तेही छपरावरचे पावसाचे पाणी साठवून पीत. 1968 साली समुद्राखालून पहिली जलवाहिनी आली. नोव्हेंबर 2023 मध्ये एका मच्छीमार जहाजाच्या नांगराने तेथील वाहिनीला इजा केली. पाणी पुरते थांबले नव्हते, तरीही प्रशासनाने धोक्याचा इशारा जाहीर केला आणि वाहिनी बदलण्याचे ठरले. "चार हजार माणसांसाठी पुन्हा कोटी?" असे म्हणून तेथील सरकार स्वस्थ बसले नाही. आमच्याकडे मात्र वाहिनी फुटली की टँकर येतो, टँकरबरोबर पुढारी येतो, आणि नवी वाहिनी तेवढी येत नाही. म्हणून मागणी करायची ती अशी की, वाहिनीच्या अंदाजपत्रकातच ती बदलण्याचा निधी आजच बाजूला काढलेला असावा.

प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात गेला. दरमाणशी खर्चाचा तक्ता काढला असता, तर तो घरीच बसला असता. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला. आम्ही त्या परिपत्रकावर परिसंवाद घेतले. परिसंवादात टेबलावर बाटलीबंद पाणी होते, हेही येथे नोंदवितो.

आता शेवटचा आक्षेप : घारापुरी उरण तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर, आणि उन्हाळ्यात उरणलाच रानसई धरणाचे पाणी पुरत नाही. हे आम्हाला मान्य आहे. पण सात टँकरांइतके पाणी दिल्याने उरण कोरडे पडणार नाही, आणि न दिल्याने भिजणारही नाही. रानसई, हेटवणे की मोरबे, याचा निवाडा सरकारने करावा. आम्ही बेटावरील गावकऱ्यांना भेटून त्यांच्या ग्रामपंचायतीच्या ठरावाला आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या सह्या जोडणार आहोत आणि कागद अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे नेणार आहोत. अंदाजपत्रक तपासायला अभियंते हवेत. त्या यादीत पहिले नाव आम्ही त्या नेरुळच्या गृहस्थांचेच घातले आहे; त्यांना अजून सांगितलेले नाही.