आधी गळती, मग हब



मराठी घेऊन बी.ए. झालेला, सत्तरी ओलांडलेला मास्तर ट्रकच्या चाकांवर लिहितो आहे म्हटल्यावर काही जण हसतील. हसा बापडे! पण आपल्या नात्यागोत्यातली पाच-सहा घरे आता अमेरिकेत बर्फाच्या मुलखात आहेत, आणि त्यांतल्या दोघांच्या दारात पिकअप ट्रक उभे आहेत. माझा भाचा कोलोरॅडोत असतो. सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जुन्या ट्रकची दुरुस्ती करणे हा त्याचा छंद. त्याच्याशी फोनवर तासन् तास बोलून माझे जे मत झाले आहे ते आज मांडतो. मत एका ओळीचे आहे : गळती कुठे आहे हे सिद्ध झाल्याशिवाय हब बदलू नये, आणि कोणी बदला म्हटले तर त्याच्याकडे पुरावा मागावा.

आधी हब म्हणजे काय ते पाहू. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये एरवी मागची दोन चाकेच इंजिनाच्या जोरावर फिरतात, पुढची नुसती गडगडत मागून आल्यासारखी चालतात. बर्फ किंवा चिखल आला की पुढच्यांनाही जोर द्यायचा असतो. पुढच्या चाकाच्या मध्यभागी असलेला हब त्या चाकाची आणि अ‍ॅक्सलची गाठ बांधतो किंवा सोडतो. पूर्वी ड्रायव्हरला चिखलात उतरून हबवरची चकती हाताने फिरवावी लागे. पुढे गाडीत बसल्या बसल्या बटण दाबून हे काम होऊ लागले, आणि अनेक ट्रकमध्ये ते काम व्हॅक्यूमकडे, म्हणजे निर्वाताकडे, सोपवले गेले.

इथे शाळेतला धडा आठवावा. निर्वात काही ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते. ऑटो फॉन गेरिकेने १६५७ साली जर्मनीतल्या माग्देबुर्गला दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढून घेतली, आणि सोळा घोड्यांना ते ओढून वेगळे करता आले नाहीत. हबमध्ये चालते ते हेच. पेट्रोल इंजिन हवा ओढत असते आणि तिची वाट झडपेने अडवलेली असते, म्हणून इंजिनाच्या हवेच्या नळकांड्यात दाब कमी होतो. तो कमी दाब बारीक नळ्यांतून चाकापर्यंत नेला की बाहेरची हवा हबचा पडदा ढकलते. डिझेल इंजिनात असा भरवशाचा निर्वात आपोआप मिळत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात.

आता खरी मेख ऐका. सगळ्या ट्रकमध्ये निर्वाताचे काम एकच नसते. फोर्डच्या १९९९ पासूनच्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये बटणाची सोय घेतली असेल तर निर्वात आल्यावर हब जोडला जातो. तिथे गळती झाली तर पुढची चाके जोडलीच जात नाहीत, आणि हे कळते ते नेमके बर्फात. त्याच कंपनीच्या एफ-१५० मध्ये २००४ पासून अनेक वर्षे उलटी रचना होती. निर्वात हबला सोडवून धरतो, आणि निर्वात गेला की आतली स्प्रिंग त्याला जोडते. तिथे गळती झाली की कोरड्या रस्त्यावर, नको असताना, हब अर्धवट जोडला जातो आणि दाते दातांवर घासून करकर वाजते. पूर्वी आपल्या रेल्वेला व्हॅक्यूम ब्रेक असत, तेव्हा साखळी ओढली की नळीत हवा शिरे आणि ब्रेक लागत. तिथेही निर्वात गेला की काय व्हायचे हे आधीच ठरलेले होते. म्हणून पहिला प्रश्न हाच : या ट्रकमध्ये निर्वात गेला तर हब जुळतो की सुटतो? याचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याच्या हाती पाना देऊ नये.

दुसरा प्रश्न : दोष कधी दिसतो? उलट्या रचनेच्या ट्रकमध्ये करकर चढावर जोर देताना येते आणि पाय उचलला की थांबते, असे असेल तर थोडा विचार करा. जोर दिला की झडप उघडते आणि इंजिनाचा निर्वात कमी होतो. तेवढ्या वेळापुरता साठलेला निर्वात परत जाऊ नये म्हणून मध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. तो निकामी झाला किंवा कुठे गळती असली तर नेमके असेच होते. हब बिचारा सांगितल्याप्रमाणे वागतो आहे! सुपर ड्यूटीच्या हबवर हाताने 'लॉक' करायची चकतीही असते. ती फिरवून, सैल मातीत फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर पुढची चाके जोर घेत असतील, तर गिअर आणि शाफ्ट ठीक आहेत, शोध फक्त निर्वाताच्या बाजूला घ्यायचा. पैसा न लागता निम्मे काम झाले.

राहिलेले निम्मे एक गेज आणि एक हातपंप करतात. सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली की बुडबुडे भोक दाखवतात. इथे हवा बाहेर येत नाही, आत शिरते, म्हणून बुडबुड्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. एकेक भाग वेगळा करूनच पाहावा लागतो. प्रथम इंजिनाजवळ मोजायचे. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन संथ चालताना पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच दाखवते. मात्र दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करावा लागतो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, तिथे पाचेक इंच कमी दिसले तर ती गळती नव्हे, तो डोंगर आहे. मग इंजिन बंद करून साठा टिकतो का ते पाहायचे. मग बटणाच्या हुकुमाने नळी उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह तपासायचा. तिथून पुढे प्रत्येक चाकाची नळी सोडवून हातपंपाने निर्वात काढायचा आणि सुई मिनिटभर न्याहाळायची. सुई पडली तर नळीचे चाकाकडचे टोक बुचाने बंद करून पुन्हा तेच. आता सुई टिकली तर नळी निर्दोष, गळती चाकात. आणि चाकात म्हणजेही लगेच हबमध्ये नव्हे! सुपर ड्यूटीसारख्या रचनेत हबची ओ-रिंग असते, अ‍ॅक्सलभोवतीचे सील असते. ती स्वस्त वस्तू आधी, हब शेवटी.

भाचा सांगतो, त्याच्याकडे येणाऱ्या बऱ्याच ट्रकना दोन्ही हब नवे कोरे बसवलेले असतात आणि दोष जिथल्या तिथे. इंजिनाच्या उष्णतेने तडकलेला रबराचा एक लहानसा कोपर, किंवा चाकाजवळ घासून भोक पडलेली नळी, एवढेच निघते. वर्गात मागून कोणी शीळ घातली की सगळ्या वर्गाला उभे करणारे मास्तर मी पाहिले आहेत. शीळ काही थांबत नसे, फक्त मुलांचा मास्तरांवरचा विश्वास जात असे.

गॅरेजवाल्यांची बाजूही सांगायला हवी. तिकडे मजुरी तासावर असते. तपासण्यात दोन तास घालवण्यापेक्षा भाग बदलून मोकळे व्हावे, गिऱ्हाईकालाही थंडीपूर्वी गाडी हवी असते, असे ते म्हणतात. वीस वर्षे जुन्या ट्रकच्या सगळ्या रबरी नळ्या एकदम बदलायला माझीही हरकत नाही. रबर स्वस्त असते आणि एक तडकले तर बाकीचे त्याच वयाचे असते. पण हबला हा न्याय लागू नाही. उलट्या रचनेत दाते झिजतात ते गळतीमुळे. गळती तशीच ठेवून नवा हब बसवला तर जुन्याचे जे झाले तेच नव्याचे होणार. अशा वेळी हब हा गुन्हेगार नसतो, बळी असतो. बळीला शिक्षा आणि गुन्हेगार मोकळा, याला दुरुस्ती म्हणायचे का?

आणि हे नुसते पैशांचे नाही. सुपर ड्यूटीच्या प्रकारात 'नवे हब बसवले' या भरवशावर माणूस घाटात शिरतो, बर्फ लागतो, बटण दाबतो, आणि पुढची चाके जुळत नाहीत. गाडीत मुले असतात हो. खोटा भरवसा हा दोषापेक्षा वाईट, कारण दोष माहीत असलेला माणूस निदान घरी थांबतो.

असो. तिकडच्या भाचरांना आणि पुतण्यांना एवढेच सांगणे : थंडी सुरू होण्याआधी एकदा तपासून घ्या, आणि कोणी हब बदलायला सांगितले तर रागावू नका, वाद घालू नका. फक्त विचारा, "कुठल्या नळीवर सुई किती आली, आणि किती वेळ टिकली?" ज्याने तपासले असेल तो आनंदाने सांगेल. ज्याने तपासले नसेल त्याचे बिल देण्याआधी मामाला फोन करा!