मित्राच्या नावाची तबकडी

ज्या घरी वर्षाच्या आत दुःख झाले असेल, तिथे दिवाळीचा फराळ करत नाहीत. शेजारीपाजारी डबा नेऊन देतात. यंदा तसा एक डबा मलाही न्यायचा आहे. नेऊन बोलायचे काय, या विचारात असताना भाच्याच्या खोलीतून दणदणाट सुरू झाला. ‘हार्ड रॉक’ म्हणजे विजेवरच्या गिटारी आणि ड्रम्स. शेजाऱ्याने भिंत ठोकावी असा प्रकार! मी रागावून गेलो, तर तो म्हणाला, “मामा, मित्र गेल्यावर केलेली गाणी आहेत ही.” मग मी बसलोच.

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरी अँड्र्यू वुड हा गायक होता. १९ मार्च १९९० रोजी हेरॉइनपायी तो वारला. वय अवघे २४! त्याच्या बँडचा पहिला अल्बम बाजारात यायचाच होता.

त्याच्याबरोबर एका घरात राहिलेला ख्रिस कॉर्नेल हा ‘साउंडगार्डन’चा गायक. मित्राला जाऊन थोडेच दिवस झाले आणि याला युरोपच्या दौऱ्यावर निघावे लागले. जवळ बसायला घरचे कुणी नाही. त्याने गाणी लिहिली. परतल्यावर ती वुडच्या साथीदारांपुढे, स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट यांच्यापुढे ठेवली. माइक मक्‌क्रेडी गिटार घेऊन आला, मॅट कॅमेरॉन ड्रम्सवर बसला, आणि पंधरा दिवसांत दहा गाण्यांचा अल्बम झाला. नाव ‘टेम्पल ऑफ द डॉग’. शब्द वुडच्याच एका गाण्यातले.

गोसार्ड-अमेंट यांच्या नव्या बँडसाठी सॅन डिएगोहून आलेला एडी व्हेडर तालमीच्या वेळी तिथे होता. ‘हंगर स्ट्राइक’मध्ये खालचा आणि वरचा असे दोन्ही सूर कॉर्नेलला एकट्याला पेलेनात. हे पाहून व्हेडर पुढे झाला आणि खालच्या ओळी गाऊ लागला. वुड हा काही त्याचा मित्र नव्हे. दुःख कॉर्नेलचे, गाणेही त्याचेच; पण त्याने नवख्याला जागा दिली. मला सर्वांत भावले ते हे.

एप्रिल १९९१ मध्ये अल्बम निघाला, तेव्हा फारसे कुणी विचारले नाही. पुढे गोसार्डप्रभृतींचा ‘पर्ल जॅम’ आणि ‘साउंडगार्डन’ दोन्ही गाजले, तशा याच्याही दहा लाखांवर प्रती खपल्या. एवढे यश पाहून दुसरा अल्बम काढायला काय हरकत होती? पण तो काढला नाही. ज्यासाठी जमले, ते झाले होते.

२५ वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, कॉर्नेल आणि जुने सोबती पुन्हा एकत्र येऊन अमेरिकेतल्या पाच शहरांत ती गाणी गायले. १८ मे २०१७ रोजी कॉर्नेलही गेला. मित्रासाठी त्याने लिहिलेली गाणी आता लोक त्याच्यासाठी ऐकतात.

बोलायचे काय, ते मला अजून सुचलेले नाही. पण डबा भरून ठेवला आहे. आधी जाऊन बसावे म्हणतो.