दहा टक्के जागा

अकलूजमधल्या एखाद्या नव्या लेआउटचा नकाशा उघडा. जमीन 0.4 हेक्टर किंवा त्याहून जास्त असेल, तर नियमाने दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. ती बहुधा सापडते प्लॉट पाडून उरलेल्या तिरक्या कोपऱ्यात, नाहीतर ओढ्याच्या कडेला, जिथे काहीच बांधता येत नाही. 2021 मध्ये ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, वस्ती पसरते आहे. ऊस आम्ही सहकाराने गाळला. राहायची वेळ आली की मात्र ज्याचे त्याचे कंपाउंड. यंदाच्या अंकाचा विषय म्हणूनच ‘शेजार’.

आमच्या मुलखात जुन्या घरांवर माळवद असे. लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. कमी पावसाच्या या भागाला ते मानवत असे आणि ऐन वैशाखातही आत गारवा राही. घराला घर लागून, त्यामुळे या माळवदावरून त्या माळवदावर जाता येई. वाळवणही एकत्र, राखणही एकत्र. पण उमाळा बेतानेच आणावा. ते गाव जातवार आळ्यांत वाटलेले होते, आणि कुणाची घागर कोणत्या आडात बुडायची हेही ठरलेले होते.

तेव्हा शेजाराचा नमुना माळवदापाशी न शोधता सोलापूरजवळ कुंभारीत शोधावा. कामगारनेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेने तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. 2006 मध्ये ती पुरी झाली. मराठी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या बाया एकमेकींच्या शेजारी आल्या. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दारात बसते: उजेड हवा, वारा हवा, बोलायला शेजारीण हवी. तिच्या घराला ओटा द्यायचा की नाही, हा वास्तुविशारदाच्या आवडीचा प्रश्न नाही, तिच्या रोजीचा आहे.

आमचे आणखी एक शेजारी आहेत. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागलेल्या असतील. बांबू, पाचट, ताडपत्री यांच्या कोप्या चार दिवसांत उभ्या राहतील, आणि अंधार असतानाच बाया पाण्याच्या शोधात निघतील. या टोळ्या दरवर्षी येणार हे कारखान्याला, मुकादमाला, फडाच्या मालकाला आधीच ठाऊक असते. त्यांच्यासाठी नळ, दिवे आणि संडास असलेली कायमची जागा नगरपरिषदेने आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी आपल्या नकाशावर दाखवावी, ही आमची मागणी आहे.

दीपावलीच्या शुभेच्छा.