पात्याच्या पोलादाची ओळख शेतकऱ्याला हवी

पाने कुरतडणाऱ्या वा लाकूड पोखरणाऱ्या अनेक कीटकांच्या जबड्यांत जस्त किंवा मँगनीज आढळते. ते सर्वत्र विखुरलेले नसते. जिथे झीज होते त्या कुरतडणाऱ्या कडेवरच ते एकवटलेले असते. धातू योग्य जागी व योग्य प्रमाणात असला, तरच तो उपयोगी पडतो. शेतीच्या अवजारांनाही हाच नियम लागू आहे. परंतु बाजारात रोटाव्हेटरचे पाते किंवा विळा निवडताना शेतकऱ्यासमोर किंमत, वजन आणि रंग एवढेच असते. पोलाद कोणते, हे त्याला कोणी सांगत नाही.

पोलादाचा कठीणपणा मुख्यतः कार्बनवर अवलंबून असतो. लालबुंद तापवलेले पोलाद झटकन थंड केले की तो प्रकट होतो. मँगनीज, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांच्यामुळे हा कठीणपणा जाड पात्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. बोरॉन हेच काम अवघ्या ०.००१ ते ०.००३ टक्क्यांत करते. मात्र पोलादातील नायट्रोजनने त्याला आधीच बांधून टाकले, तर ते निरुपयोगी ठरते; म्हणून सोबत टायटॅनियम घालावे लागते.

अधिक मिश्रण म्हणजे अधिक चांगले पोलाद, हा समज मात्र चुकीचा आहे. १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम व १ टक्का व्हॅनेडियम असलेले प्रसिद्ध हत्यारी पोलाद तापून लाल झाले तरी धार टिकवते. कारखान्यातील लेथसाठी तो गुण अमोल आहे. नांगराच्या फाळासाठी तो निव्वळ खर्च आहे. सुमारे १२ टक्के क्रोमियमचे पोलाद झिजेला उत्तम तोंड देते, पण दगडावर आदळल्यास तुटण्याची भीती वाढते.

भारताची माती एकसारखी नाही. राजस्थानच्या वालुकामय जमिनीतील गारगोटीचे कण कठीण केलेल्या साध्या पोलादापेक्षाही कठीण असतात. तिथे पाते घासून झिजते. दख्खनच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या रानात ते आघाताने मोडते. पहिल्या ठिकाणी कठीणपणाला, तर दुसऱ्या ठिकाणी चिवटपणाला अग्रक्रम हवा. एकच पाते दोन्हीकडे उत्तम म्हणून विकले जाते, तेव्हा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. वेगाने फिरणाऱ्या पात्याचा तुकडा उडाल्यास प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. बोथट विळ्याची किंमत कापणी करणाऱ्या मजूर स्त्रीचे मनगट मोजते.

म्हणून प्रत्येक पात्यावर पोलादाची प्रत आणि कठीणपणाचा आकडा ठसवलेला असावा. छोट्या उत्पादकांवर भार पडेल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कठीणपणाची चाचणी काही मिनिटांची असते आणि ती सामायिक केंद्रांत करता येईल. संशोधन संस्थांनी आपल्या विभागातील मातीत पाती चालवून झिजेचे व मोडतोडीचे निष्कर्ष स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावेत.

ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून कोयता घडवणारा गावचा लोहार पोलादाची जात ठिणगीवरून ओळखतो आणि त्याप्रमाणे त्याला पाणी पाजतो. ते ज्ञान त्याच्या भट्टीपाशी शेतकऱ्याला सहज मिळत असे. तयार पाते विकणाऱ्या दुकानातही ते मिळाले पाहिजे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापणे आपण आवश्यक मानले. ते बियाणे ज्या मातीत पडते, ती माती तयार करणाऱ्या पात्याला वेगळा न्याय का असावा?