कपाटाला कुलूप चोरासाठी हवे, रुग्णासाठी नव्हे



कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील असह्य वेदनांवर मॉर्फिनची गोळी हा जुना, स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. मॉर्फिन अफूपासून बनते. अफूची परवाना-शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरीही गरजू रुग्णांपैकी फार थोड्यांना ही गोळी मिळते. याचे एक मोठे कारण म्हणजे कागद आणि कागदाची भीती.

१९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला आणि किमान १० वर्षे सक्तमजुरीची तरतूद झाली. परवाने राज्यांच्या हाती होते. बाळगण्याचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणण्याचा वेगळा. दिल्लीची लोकल तासाभरात गाझियाबादला जाते, पण तिथे उत्तर प्रदेशचा कायदा, फरिदाबादला हरियाणाचा. एक परवाना मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. अनेक रुग्णालयांनी व दुकानदारांनी हे औषध ठेवणेच सोडले.

२०१४ साली संसदेने कायदा सुधारला. २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे अत्यावश्यक ठरली. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. त्यासाठी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा आणि रोजची नोंद चोख हवी : किती आले, कोणाला किती दिले, शिल्लक किती. साध्या औषध दुकानालाही १ मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ च्या औषधांचे वेगळे रजिस्टर ठेवावे लागते व ते तीन वर्षे जपावे लागते.

या नोंदी नकोत असे आम्ही म्हणत नाही. नशेचा बाजार कामगार वस्त्यांतली पोरेच आधी गिळतो. पण स्टेशन मास्तर प्रत्येक गाडीची नोंद रजिस्टरात करतो, ती गाडी सुखरूप पुढे जावी म्हणून. रजिस्टर लिहायला माणूस नाही म्हणून गाडी सिग्नलवर उभी ठेवली, तर त्याला कोणी सुरक्षितता म्हणणार नाही.

दवाखान्यात मात्र हेच घडते. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त गँगमनला शनिवारी गोळी मिळाली नाही. औषध कपाटात होते, पण किल्ली असलेला एकमेव फार्मासिस्ट रजेवर. तो माणूस सोमवारपर्यंत तळमळला. दोष त्या फार्मासिस्टाचाही नाही. खिडकीवर रांग, हाताखाली मदतनीस नाही, आणि एक गोळी हिशेबात चुकली तर चौकशीचा धाक. असा माणूस औषध देण्यापेक्षा न देणे सुरक्षित समजतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या रेल्वे रुग्णालयांना मान्यता नाही, त्यांनी ती घ्यावी व डॉक्टरांना प्रशिक्षणास पाठवावे. किल्लीसाठी लेखी आदेशाने दुसरा जबाबदार कर्मचारी नेमावा. फार्मासिस्टांच्या रिकाम्या जागा भराव्यात. हिशेबातली चूक आणि चोरी यांत प्रशासनाने फरक करावा.

प्रत्येक शाखेने आपल्या रुग्णालयात जाऊन मान्यता आहे का, एवढे विचारावे आणि उत्तर पुढच्या पी.एन.एम. बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणावे. ज्याने आयुष्यभर रूळ सांभाळले, त्याला शेवटचे दिवस कण्हत काढायला लावणे आपल्याला मान्य नाही.