त्या यादीत महाराष्ट्र नव्हता

परवा शनिवारी गावी गेलो होतो. पुण्याहून निघालं की भिगवणला चहा, मग उजनीचं पाणी डाव्या हाताला ठेवून पुढे, हा आमचा नेहमीचा रस्ता. घरी पोचलो तर चुलतभाऊ ओसरीवर बसलेला. नेहमी "दादा, आलास का" म्हणून पिशवी घ्यायला धावणारा हा माणूस जागचा हललाच नाही. आत गेल्यावर काकूने सांगितलं. ऊसबिलाचे एक लाख ऐंशी हजार गेले, वर खाजगी कर्ज झालं आणि भावजयीचं गंठण सोनाराकडे गेलं. सगळं ऑनलाइन रमीत. प्रकार जुना, दीडेक वर्षापूर्वीचा. घरात कळलं ते आत्ता, कारण कर्जवाला दारात येऊन गेला.

रात्री जेवणानंतर त्याला गाठलं. पहिलंच वाक्य काय म्हणाला असेल?

"दादा, मी जुगार नाय खेळलो. स्किल गेम होता तो. ॲपवरच लिहिलं होतं, कायदेशीर हाय म्हणून."

आणि तो खोटं बोलत नव्हता! म्हणूनच हे लिहायला बसलोय.

आमच्या इंदापूर-बारामती भागात पारावर नाहीतर उसाच्या बांधावर चार जण पत्ते घेऊन बसले की पोलिसांची धाड पडते. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी असते: अमुक इतकी रोकड आणि जुगाराचं साहित्य जप्त, कलम बारा अ. तेच बावन्न पत्ते मोबाईलच्या काचेवर आले, सिनेमातल्या हिरोने "खेळा" म्हणून सांगितलं, खाली बारीक अक्षरात "सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा" असं लिहिलं, की तो झाला उद्योग. त्याला गुंतवणूकदार, त्याला क्रिकेट संघाची जर्सी! पारावरच्या डावात फार तर दोन-तीन हजार इकडचे तिकडे होत होते, आणि ते निदान गावातच राहत होते.

हे असं का झालं? आळस हे त्याचं एक कारण आहे, आणि हा आळस आपल्या राज्याचा आहे.

महाराष्ट्रात जुगाराचा मूळ कायदा १८८७ सालचा. मी तो वाचून काढला (शनिवार-रविवार लोक ट्रेकला जातात, मी कायदे वाचतो, असो). गंमत म्हणजे त्या काळाच्या मानाने तो चांगलाच हुशार आहे. कापसाच्या भावावर, अफूच्या भावावर, तो भाव सांगणाऱ्या आकड्यातल्या अंकांवर, पाऊस पडेल की नाही यावर, किती पडेल यावर, अशा एकेका सट्ट्याची त्याच्या व्याख्येत नोंद आहे. लोकांनी नवीन सट्टा काढला की कायदेवाले त्याचा एक पोटकलम करायचे. पुढे मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लागायचा. ते भाव टेलिप्रिंटरवर येत. म्हणजे विचार केला तर दूरवरून तारेने आलेल्या माहितीवरचा तो ऑनलाइन जुगारच! १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटका काढला. पोलीस आणि कायदा त्याच्या मागे धावले. पकडला किती आणि सोडला किती हा वेगळा विषय, पण धावले तरी.

मोबाईल आल्यावर मात्र कुणी धावलंच नाही. त्या कायद्यात "जुगाराचा अड्डा" म्हणजे घर, खोली किंवा जागा. आता खिशातला फोन ही जागा म्हणायची की नाही? आणि सर्व्हर परदेशात असला तर अड्डा कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत? हे प्रश्न विधिमंडळाने सोडवायचे असतात. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर "पैज आणि जुगार" स्पष्ट लिहिलंय. म्हणजे अधिकार राज्याचा. केंद्राला संसदेत विचारलं की वर्षानुवर्षं हेच उत्तर यायचं, हा राज्यांचा विषय आहे. राज्यात विचारलं की बोट दिल्लीकडे!

इतर राज्यांनी काय केलं ते बघा. तेलंगणाने २०१७ मध्ये कायदा बदलला. आंध्राने २०२० मध्ये. तमिळनाडूने केलेला बदल मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तर त्यांनी २०२२ मध्ये नवा कायदा आणला. राज्यपालांनी तो परत पाठवला, तर २०२३ मध्ये पुन्हा मंजूर केला. कर्नाटकने २०२१ मध्ये केला, तो २०२२ मध्ये न्यायालयात पडला. पडले, पण लढले की नाही?

आता इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती लपवून वर हा उपदेश करणं बरं दिसणार नाही. २०२१ मध्ये मी सहा महिने अशाच एका कंपनीचं काम केलंय. नाव महत्त्वाचं नाही. काम होतं नोटिफिकेशनचं. खेळाडू दोन दिवस आला नाही की त्याला "तुमच्यासाठी बोनस" असा निरोप जायचा. हरून बाहेर पडला की अर्ध्या तासात दुसरा. आम्ही त्याला "परत आणणं" म्हणायचो. किती टक्के परत आले त्याचा आलेख दर सोमवारी मीटिंगमध्ये दाखवायचो, आणि रेघ वर गेली की टाळ्या. त्या रेघेत कुणाचं ऊसबिल आहे हा विचार माझ्या मनात आला नाही. खरंच आला नाही.

त्या प्रोग्रॅममध्ये एक छोटी फाइल होती. ज्या राज्यांत पैशाचा खेळ दाखवायचा नाही त्यांची यादी. आसाम, ओडिशा, तेलंगण, आंध्र. मद्रासचा निकाल आल्यावर तमिळनाडू त्या यादीतून काढलं. कर्नाटकचा कायदा आल्यावर कर्नाटक घातलं. एका ओळीचं काम, पाच मिनिटं लागायची. एवढ्या मोठमोठ्या वकिलांच्या, मंत्र्यांच्या, विधानसभांच्या भांडणाचं शेवटी काय होतं, तर त्या फाइलीत एक ओळ असते किंवा नसते. जिथे ओळ आहे तिथल्या माणसाने ॲप उघडलं तर "तुमच्या राज्यात उपलब्ध नाही." आणि महाराष्ट्र? मी होतो तोवर महाराष्ट्र त्या यादीत कधीच नव्हता. माझ्या चुलतभावाच्या आणि त्या खेळाच्या मध्ये एक ओळ उभी राहू शकली असती. ती आपल्या विधिमंडळाने लिहायला लावली नाही, आणि त्याच्याआड काय चाललंय हे मीही घरी कधी सांगितलं नाही.

आता "कौशल्या"विषयी. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. कंपन्या हाच निकाल नाचवत आल्या. पण तो निकाल एका क्लबबद्दलचा होता, आणि त्यात पुढे असंही आहे की पैसे लावून खेळलेल्या डावातून क्लबचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हा अर्धा भाग जाहिरातीत कधी दिसला का? ॲप कंपन्यांचा तर सगळा धंदाच प्रत्येक टेबलावरच्या कापणीवर! नंतर काही उच्च न्यायालयांनी कंपन्यांच्या बाजूने कौल दिला हे खरं, पण गणित न्यायालयाच्या निकालाने बदलत नाही. समजा दोघांनी शंभर-शंभर रुपये लावले आणि कंपनी दर डावाला दहा टक्के कापते. तेच पैसे फिरवत दहा डाव खेळा. दोनशेतले जेमतेम सत्तर रुपये उरतात. कौशल्य दोघांत कुणाचंही असो, एकशे तीस रुपये कंपनीचे.

आणि खरंच कौशल्याचा खेळ असेल तर ते आणखी वाईट! नशिबाचा असता तर नवशिका निदान अधूनमधून जिंकला असता. कौशल्याचा असेल तर त्याचं हरणं ठरलेलंच. तालमीत पहिल्या दिवशी आलेल्या पोराला कुणी महाराष्ट्र केसरीशी पैजेवर लढवतं का?

आता सरकारांचा हिशेब. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम केले, की पैशाच्या खेळांना कंपन्यांच्याच स्वनियामक संस्थांनी मान्यता द्यावी. म्हणजे वाघानेच शेळ्यांची मोजणी करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. जीएसटीत राज्याचा वाटा असतोच. म्हणजे माझ्या भावाने टेबलावर ठेवलेल्या पैशात दिल्ली आणि मुंबई दोघीही भागीदार. वाटा मिळायला लागल्यावर अड्डा बंद करायची घाई कुणाला असते? त्याच महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला फॅन्टसी क्रिकेटमध्ये दीड कोटी लागले आणि त्याला निलंबित केलं गेलं. पोलिसाने खेळलं तर शिस्तभंग, शेतकऱ्याने खेळलं तर महसूल!

मग जुलै २०२५. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसलेत आणि हातातल्या मोबाईलवर रमी उघडलेली आहे, अशी चित्रफीत रोहित पवारांनी बाहेर काढली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असं कोकाटेंचं म्हणणं. ३१ जुलैला त्यांचं कृषी खातं गेलं आणि ते आमच्या इंदापूरच्या दत्तात्रय भरणेंकडे आलं. भरणेंकडचं क्रीडा खातं कोकाटेंना मिळालं. रमीवरून वाद झाला म्हणून क्रीडा! यावर मी आणखी काय लिहू? त्या दिवशी तालुक्यात गुलाल उडाला, माझ्या फोनवरही अभिनंदनाचे निरोप फिरले. पंधरा दिवस सगळा महाराष्ट्र मंत्री खेळले की नाही यावर बोलत होता. मंत्र्याच्या फोनवर जे उघडलं ते राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवर उघडतं, त्याचं काय, हे विचारणारे थोडे.

शेवटी केंद्रालाच जाग आली. २० आणि २१ ऑगस्ट २०२५ ला दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य असो की नशीब, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही. या शेवटच्या मुद्द्यासाठी मी या कायद्याला पैकीच्या पैकी मार्क देतो. मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशाचे खेळ बंद केले, भारतीय संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं. वर्षानुवर्षं "अशक्य आहे हो, तांत्रिक अडचणी आहेत" असं सांगणाऱ्यांचं बटण एका आठवड्यात सापडलं!

यावर माझे इंजिनियर मित्र म्हणतात, नोकऱ्या गेल्या. गेल्या, आणि ज्यांच्या गेल्या त्यांचं मला वाईट वाटतं. पण त्याच बारामतीत कृषी विज्ञान केंद्रात उसाला पाणी कधी आणि किती द्यायचं हे सांगणारी एआयची कामं चाललीत. तेही सॉफ्टवेअरच. दुसरे म्हणतात, सज्ञान माणसाने स्वतःचे पैसे उडवले, तुम्हाला काय? स्वतःचे? तीन एकरांच्या सातबाऱ्यावर चार नावं आहेत, आणि गंठण भावजयीच्या माहेरचं होतं. तिसरे म्हणतात, बंदीने खेळ चोरवाटेने जातो. हे मात्र बरोबर आहे, आणि म्हणूनच दिल्लीचा कायदा झाला म्हणून मुंबईने हात झटकू नयेत.

कारण जाता जाता भाऊ काय म्हणाला ते ऐका. "ॲप बंद झालं दादा. पण एकानं व्हॉट्सॲपवर आयडी दिलाय, पैसे त्याच्याकडं रोख द्यायचे." म्हणजे पुन्हा मटकाच! तोच एजंट, फक्त चिठ्ठीऐवजी लिंक. हा एजंट दिल्लीला नाही, भिगवण रोडवर सापडेल. त्याला पकडणं, ज्यांच्या नावावरच्या बँक खात्यांतून हा पैसा फिरतो ती खाती शोधणं, हे राज्याच्या पोलिसांचं काम. त्यासाठी १८८७ च्या कायद्यातली ती "जागा" आता तरी दुरुस्त करा. कापसाच्या अंकांसाठी पोटकलम करता आलं, मग मोबाईलसाठी का नाही? आणि कर्जाचं म्हणाल तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय आहे, अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायची तरतूद आहे. हे किती गावांत माहीत आहे? कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दरावर तास तास भांडतो आपण. दर मिळाल्यावर तो पैसा जातो कुठे यावर दहा मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

भावाला घेऊन मी येत्या सोमवारी निबंधकांकडे जाणार आहे. त्याने तो आयडी माझ्यासमोर काढून टाकला, नंबर मात्र मी लिहून ठेवलाय, तो पोलिसांना देणार आहे. बघू, पार्‍यावरच्या पत्त्यांना जेवढी तत्परता मिळते तेवढी याला मिळते का. काय होतं ते पुढच्या शनिवारी लिहीन.