बेटावरचा कचरा आणि माणचा ओढा

हिंदी महासागरातील अल्दाब्रा या सेशेल्सच्या प्रवाळबेटावर एका संशोधन केंद्रापलीकडे मनुष्यवस्ती नाही. महाकाय कासवे मात्र लाखभर आहेत. युनेस्कोने १९८२ मध्येच त्याला जागतिक वारसा ठरवले. या बेटावर २०१९ मध्ये सेशेल्स आणि ऑक्सफर्ड येथील स्वयंसेवकांनी पाच आठवडे राबून २५ टन प्लॅस्टिक गोळा केले. मागे किती उरले? शास्त्रज्ञांचा अंदाज आहे ५१३ टन. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या कोकोस बेटांवर ४१ कोटींहून अधिक तुकडे असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक वाळूखाली गाडले गेलेले.

अल्दाब्रावरील कचऱ्यात वजनाने मासेमारीची जाळी व दोर सर्वाधिक होते. पण चपला, बाटल्याही होत्या, आणि त्या कोणत्या तरी गावातून, कोणत्या तरी नाल्यातूनच निघालेल्या असणार. स्वयंसेवकांच्या कष्टांना सलाम करतानाच त्यांचा हिशेब आपल्याला एक धडा देतो: कचरा समुद्रात पोहोचल्यावर तो उचलणे माणसाच्या आवाक्याबाहेर जाते.

मग माणचा येथे संबंध काय? हिंजवडीलगतच्या या गावातील ओढे मुळेला मिळतात. मुळेत दापोडीला पवना येते, पुण्यात मुठा. पुढे हे पाणी भीमेतून उजनीत, तेथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. ओढ्यात टाकलेले प्रत्येक पाकीट समुद्रापर्यंत जाते असे नव्हे. बरेचसे काठावरच्या झुडपांत, बंधाऱ्यांत आणि उजनीच्या गाळात अडकते. पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही, कारण सोलापूर शहर उजनीचेच पाणी पिते. उन्हापावसात प्लॅस्टिकचा भुगा होतो आणि तो भुगा बेटावर पोहोचण्याआधी आपल्याच माणसांपर्यंत पोहोचतो.

इटलीतील डॉक्टरांनी २०२४ मध्ये मानेच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील १५० जणांच्या रक्तवाहिनीतील चरबीच्या थरात पॉलिथिन सापडले. प्लॅस्टिक आढळलेल्या रुग्णांमध्ये पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला. प्लॅस्टिकमुळेच हे घडले, असे या अभ्यासाने सिद्ध झालेले नाही. पण सावध होण्यासाठी अंतिम पुराव्याची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

कायदे आहेत. राज्याची प्लॅस्टिकबंदी २०१८ पासून, केंद्राची एकल वापराच्या वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून. तरीही भाजीवाल्याकडे पिशवी मिळतेच. माणमध्ये आयटी कंपन्या, नव्या सोसायट्या, मजुरांच्या वस्त्या आणि जुने गावठाण शेजारी शेजारी आहेत. कचरा मात्र ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए यांच्यात ‘तुमचा की आमचा’ होऊन पडून राहता कामा नये.

उपाय दूरचे नाहीत. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करते. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये रहिवाशांनी सुरू केलेली सफाई वर्षानुवर्षे चालली आणि २०१८ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले दिसली. माणच्या ग्रामसभेने तीन गोष्टी ठरवाव्यात: पावसाळ्यापूर्वी ओढ्यांच्या तोंडाशी जाळ्या आणि त्या उपसण्याची जबाबदारी ठरलेली, कचरावेचकांना ओळखपत्र, हातमोजे आणि ठरलेला मोबदला, आणि कचरा जाळण्यावर खरी बंदी, कारण त्याचा धूर शेजारच्याच घरात शिरतो. खर्चाचा वाटा येथील कंपन्यांनी उचलावा.

अल्दाब्राला जाऊन कचरा उचलणे आपल्याला जमणार नाही. पण जूनचा पहिला पाऊस ओढ्यातून काय वाहून नेणार, हे मे महिन्यात आपणच ठरवतो.